खान्देशातला जानेवारी: गाणं, भरीत आणि उघडी घरं

जळगावला निघालो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "अजिंठा का?" स्टेशनवर उतरायचं, गाडी धरायची, लेणी बघायची आणि रात्रीच्या गाडीनं परत, असंच बहुतेकांचं जळगाव असतं. आम्ही दोघी या वेळी अजिंठ्याच्या रस्त्याला लागलोच नाही. मैत्रिणीचं माहेर फैजपूरजवळचं. ती कित्येक वर्षं म्हणत होती, "जानेवारीत चल. वांगी असतात, गाणं असतं, थंडी असते. फक्त घाई नको." चाळीसगावपासून मालेगावपर्यंत फिरून आल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. खान्देशातली कला पाटी बघून सापडत नाही, त्यासाठी कुणाच्या तरी घराचा उंबरा ओलांडावा लागतो. म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

शुक्रवार, चाळीसगाव

पहाटे फलाटावर उतरलो तेव्हा चहावाल्याच्या शेगडीभोवती माणसं हात शेकत उभी होती. उजाडेपर्यंत तिथेच थांबलो. केकी मूस यांचं घर स्टेशनच्या अगदी जवळ आहे, चालत जाता येतं.

कैखुश्रू माणेकजी मूस हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म 1912 चा, घर पारशी, आईवडिलांचं चाळीसगावात दुकान. इंग्लंडला जाऊन ते छायाचित्रण शिकून आले. त्यानंतर 1989 मध्ये जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, ते या घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. गावात कुणालाही विचारा, पहिल्यांदा पंजाब मेलची गोष्ट ऐकायला मिळते. त्यांची प्रेयसी त्या गाडीनं येणार होती, म्हणून गाडीच्या वेळेला ते रोज दार उघडं ठेवत, जेवणाचं टेबल मांडून ठेवत. गोष्ट गोड आहे. पण आत शिरल्यावर मला वाटलं की त्या गोष्टीनं या माणसाच्या कामावर फार मोठी सावली टाकली आहे.

कारण काम थक्क करणारं आहे. टेबलावर चार साध्या वस्तू मांडायच्या, दिवा हवा तसा वळवायचा आणि त्यातून अख्खा देखावा उभा करायचा, ही 'टेबलटॉप' छायाचित्रणाची पद्धत त्यांनी पार टोकाला नेली. एका फोटोसमोर मी बराच वेळ उभी राहिले. वाट, उतार, झाडं, त्यावर पडलेला तिरपा उजेड. हे सगळं एका खोलीत, टेबलाच्या फळीवर घडलंय हे ठाऊक असूनही डोळे ऐकत नव्हते. शेजारी व्यक्तिचित्रं. म्हाताऱ्या चेहऱ्यांवरच्या सुरकुत्यांत प्रकाश असा बसवलाय की घराला त्यांनी 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' नाव का दिलं ते तिथेच समजतं. शिवाय रंगचित्रं, मातीकाम, लाकडावरचं कोरीवकाम, कागदाच्या घड्यांची कामं. दाखवणाऱ्या काकांना घाई नव्हती. एका चौकटीवरची धूळ त्यांनी बाहीनं पुसली आणि म्हणाले, "ताई, मुंबईचे लोक येतात, गोष्ट ऐकतात, फोटो काढतात आणि जातात. बसून बघणारं कुणी आलं की बरं वाटतं."

जाणाऱ्यांसाठी: आधी फोन करून वेळ विचारून घ्या आणि निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा. इथून धुळ्याला रेल्वेचा फाटा जातो, त्यामुळे आमच्या उलट दिशेनेही फिरता येईल.

दुपारच्या गाडीनं जळगाव गाठलं. बाकी दिवस झोपेत गेला.

शनिवार, जळगाव

सकाळी जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात गेलो. आसोद्यात 24 ऑगस्ट 1880 ला जन्मलेली एक मुलगी लग्न होऊन या वाड्यात आली, शेतात राबली, लिहा-वाचायला कधी शिकली नाही. कामं करता करता जे सुचेल ते म्हणत राहिली. ती बहिणाबाई. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी उतरवून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि 1952 मध्ये पुस्तक झालं. आज विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. पण मला जास्त भिडल्या त्या वाड्यात जपून ठेवलेल्या त्यांच्या संसारातल्या वस्तू. ज्या जात्यावर ओवी सुचते ते असं हाताच्या अंतरावर बघणं वेगळंच. आमच्या बरोबरीनं बघायला आलेल्या एक आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या बी घरात असंच जातं व्हतं माय, पन त्याच्यातून असं गानं नाही निघालं."

तिथून काव्यरत्नावली चौक. जळगावकरांच्या तोंडी हे नाव 'रिक्षा कुठे सोडू' याचं उत्तर म्हणून येतं, म्हणून मुद्दाम सांगते. नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 मध्ये जळगावातून 'काव्यरत्नावली' सुरू केलं. फक्त कवितेला वाहिलेलं हे मासिक 1935 पर्यंत चाललं. पुण्या-मुंबईपासून इतक्या लांब, कवितेच्या जिवावर, जवळपास पन्नास वर्षं! याच जळगावात 1907 मध्ये कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या कोवळ्या पोराला तिथे 'बालकवी' ही पदवी मिळाली. एका चौकाच्या नावात मराठी कवितेचा केवढा काळ मावलाय! शहराच्या शाळांतून मुलांना इथे आणून हे सांगायला हवं, असं मला फार वाटलं.

संध्याकाळ बालगंधर्व संगीत महोत्सवाची. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान जानेवारीच्या सुरुवातीला हा महोत्सव भरवतं. ठिकाण छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचं लहानपण काही काळ जळगावात गेलं आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथे मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. त्यामुळे गावाचा त्यांच्यावरचा हक्क अगदी घरातल्यासारखा. माझ्या शेजारी एरंडोलहून आलेल्या निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, शाल घट्ट लपेटून, मांडीवर पिशवी. व्यासपीठावरच्या तरुण गायकानं नाट्यपदाला हात घातला तसा त्यांचा उजवा हात शालीतून बाहेर आला. सम येण्याआधीच बोट वर. एका जागी गायकानं नेहमीची वाट सोडून वेगळी हरकत घेतली तेव्हा त्या पुटपुटल्या, "हं, घे, घे, आता परत ये." तो आला, अगदी अलगद आला, आणि त्यांनी डोळे मिटून अशी मान डोलावली की पुढच्या रांगेतली दाद मला ऐकूच आली नाही. मध्यंतरात त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि न विचारता माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. "थंडीत गळा कोरडा पडतो. गाणाऱ्याचाच नाही, ऐकणाऱ्याचाही."

रात्री शेवभाजी. पुण्यात या नावानं जे मिळतं ते विसरून जा. इथला रस्सा भाजलेल्या कांद्याचा, सुक्या खोबऱ्याचा आणि काळ्या मसाल्याचा असतो. वर तेलाचा तवंग. शेव जाड, तिखट, टणक, आणि ती पानात रस्सा आल्यावरच पडायला हवी. आधीपासून भिजवलेली शेव घेऊ नका. पहिले चार घास कुरकुरीत लागतात, नंतरचे मऊ, आणि शेवटी ताटलीत जो दाट लगदा उरतो तो भाकरीच्या तुकड्यानं निपटून खायचा. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा. कमी तिखट करून देतात, पण वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडं दुःख दिसतं.

रविवार, आसोदा, भादली, फैजपूर आणि मळा

मैत्रिणीच्या मामांनी गाडी पाठवली होती. आसोदा जळगावला लागूनच, तिथे थोडं थांबलो. पुढे भादली. 1918 च्या मे महिन्यात बालकवींना इथेच रेल्वेनं गाठलं. अठ्ठावीसही पुरी झाली नव्हती. रुळांकडे बघून कुणालाच काही बोलवेना. मामांनी गाडी पुढे काढली.

फैजपूरला मला जायचंच होतं. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन ते हे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. इतिहासाच्या पुस्तकात एवढंच असतं. पण गांधीजींनी अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगराच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बसूंना बोलावलं होतं. बांबू आणि इथेच मिळणारं साहित्य, यांतून त्यांनी सगळं उभं केलं. भारतातला एक मोठा चित्रकार खान्देशातल्या खेडेगावात बांबू बांधून घेतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मामा म्हणाले, "आमच्या आजोबांनी त्या मांडवाला बांबू वाहिले, असं घरात सांगतात. कागद नाही आमच्याकडे, पण सांगतात."

संध्याकाळी केळीच्या बागेला लागून असलेल्या मळ्यात भरीत पार्टी. हा इकडचा हिवाळ्यातला खरा सण. वांगी हिरवी, लांबट, अंगावर पांढरट रेघा. 2016 मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. जमिनीवर पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळलेल्या कापसाच्या काड्यांचा जाळ केला आणि वांगी सरळ त्यात टाकली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा धुराचा वास कधीच येणार नाही. साल काळी होऊन फुटली की काठीनं ओढून बाहेर काढायची, सोलायची आणि लाकडी बडगीत टाकून मुसळानं ठेचायची. मामांचा धाकटा भाऊ हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाही. "मिक्सर लावला तर गिळगिळीत होतं. धागा राहिला पाहिजे." मग हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच बडगीत. मोठ्या पातेल्यात तेल, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून ठेचलेलं वांगं. केळीच्या पानावर भरीत, ज्वारी आणि अख्ख्या उडदाच्या कळण्याची भाकरी, मुळा, कांदा. पुऱ्याही होत्या. भरीत-पुरीचे भक्त इथे खूप आहेत, पण माझं मत भाकरीला. कळण्याचा खरखरीतपणा त्या मऊ भरताला हवाच.

जेवणं झाल्यावर जाळाभोवती बायका बसल्या. मैत्रिणीच्या आत्याचं वय सत्तरीपुढचं, आवाज अजून खणखणीत. मी कानबाईची, म्हणजे खान्देशातल्या घरोघरच्या देवीची, गाणी म्हणायचा आग्रह केला. त्यांनी कान पकडले. "ती श्रावणातली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागर, सोमवारी विसर्जन. तिचं गाणं तिच्या समोर म्हणायचं. आता म्हटलं तर कुणाला ऐकवायचं?" मग रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्यासाठी, घरातल्या माणसांच्या नावानं गहू कसे मोजून घेतात, ते रोट भाऊबंदांतच कसे खातात, हे सगळं त्यांनी सांगितलं. गाणी मात्र लग्नातली म्हटली. हळदीची, विहिणीला चिडवणारी. एकीनं ओळ टाकली की बाकीच्या उचलत होत्या. कुणाच्या हातात वही नव्हती. मी रेकॉर्ड करू का विचारलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "कर की. पण नुसतं ठेवू नको, म्हणायला शीक." दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाणी मी त्यांच्याकडून घोकून घेतली.

जाणाऱ्यांसाठी: ओळखीचा मळा नसला तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जळगाव-भुसावळकडे तयार भरीत विकत मिळतं. दुपारी जेवणाआधी घ्या, ताजं असतं. लोकगीतं ऐकायचीच असतील तर सणाची तिथी बघून जा. कानबाई श्रावणात, गुलाबाई भाद्रपदात, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया वैशाखात.

सोमवार, अमळनेर

जळगावहून सुरतच्या मार्गावरची गाडी. वाटेत धरणगाव, बालकवींचं जन्मगाव, खिडकीतूनच पाहिलं. अमळनेर लहान आहे, पण इथल्या माणसांनी मोठ्या गोष्टी करून ठेवल्या आहेत. प्रताप शेठजींनी 1916 मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. नफ्याच्या पैशातून तत्त्वचिंतनासाठी संस्था काढावी असं एका गिरणीमालकाला वाटलं, याचं मला आजही अप्रूप आहे. साने गुरुजी इथल्याच शाळेत शिक्षक होते. मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक त्यांनी इथूनच काढलं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1952 मध्ये इथे झालं आणि पुन्हा फेब्रुवारी 2024 मध्ये. दुसऱ्या खेपेला त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही याच गावात भरलं होतं. बाजारातल्या चहावाल्या दादांना दोन्ही आठवत होती. "संमेलनना टाईमले तीन दिन झोप नही व्हती," ते अभिमानानं म्हणाले. कुणाचं भाषण आवडलं विचारलं तर म्हणाले, दोन्हीकडे चहा पोचवला, दोन्हीकडे ऐकलं. असा श्रोता मला फार मोलाचा वाटतो.

जळगावच्या पूर्वेला लेवा बोली, इथून पश्चिमेला अहिराणी. गाडीतल्या गप्पांवरूनच हा बदल कळतो. दुपारी एका घरगुती खानावळीत डुबुकवड्यांची भाजी मिळाली. उकळत्या रश्शात बेसनाचे गोळे सोडतात, तेच डुबुकवडे. त्यावर कांदा-लिंबू आणि गरम भाकरी. संध्याकाळी एसटीनं धुळे.

मंगळवार, धुळे

धुळ्याची पेठ चालायला फार छान. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जनं आखलेल्या सरळ गल्ल्या, आणि त्यांना नावांऐवजी नंबर. पत्ता सांगताना लोक अजून गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा असंच सांगतात.

राजवाडे संशोधन मंडळात सकाळ गेली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले आणि त्यांचं काम पुढे न्यायला 1927 मध्ये हे मंडळ उभं राहिलं. गावोगावी पायपीट करून जमवलेली दप्तरं, शिवाय शिल्पं, चित्रं. समर्थ वाग्देवता मंदिर बघायला मात्र शांतपणे जा. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून रामदासी हस्तलिखितं गोळा केली. समर्थांच्या हस्ताक्षरातली मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत इथेच आहे. काळी शाई, एकसारखं वळण, खाडाखोड नाही. अक्षरात इतकी शिस्त असू शकते हे छापील पुस्तकात कळत नाही. दोन्ही ठिकाणी सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून जा. सोबत बॅग कमीत कमी असू द्या.

धुळ्याजवळचं गोंदूर हे शिल्पकार राम सुतारांचं जन्मगाव. सुताराच्या घरात 1925 मध्ये जन्मलेल्या त्या मुलानं पुढे सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा घडवला. गावात शिरताना मला तेवढंच बघायचं होतं: अशा माणसाचं पहिलं लाकूड, पहिली माती कुठली असेल. गाव साधंच आहे, आजूबाजूला शेतं.

संध्याकाळी पाचकंदीलजवळ चहा घेताना शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "कथाईन उनात, ताई?" म्हणजे कुठून आलात. विशी-बाविशीची तीन पोरं. एक मोबाइल दुरुस्त करतो, एक बापाबरोबर शेती, तिसरा लग्नात बॅन्जो वाजवतो. तिघं मिळून अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करतात. गेल्या काही वर्षांत अशी अहिराणी गाणी यूट्यूबवर खूपच चालली. खान्देशातल्या कुठल्याही वरातीत ती वाजतातच, आता पुण्या-मुंबईतही. शूटिंग कांद्याच्या वावरात, कपडे बहिणीच्या लग्नातले, पडद्यावर झळकणारी बैलगाडी मामाची. बॅन्जोवाल्यानं मला नवी चाल टेबलावर बोटांनी वाजवून दाखवली. त्यात हळदीच्या गाण्याचा जुना ठेका स्पष्ट ऐकू येत होता, दोनच दिवसांपूर्वी आत्यांच्या तोंडून ऐकलेला. मी तसं म्हटलं तर तो खूश होऊन म्हणाला, "मनी आजीनी चाल शे ती." शहरातले जाणकार या गाण्यांना हलकं समजतात. मला ते मान्य नाही. बोली जगते ती लोकांनी तिच्यात नाचावंसं वाटलं तरच, आणि ही पोरं ते स्वतःच्या पैशानं करताहेत.

बुधवार, मालेगाव

परतीची वाट मालेगाववरून. नकाशात ते नाशिक जिल्ह्यात, पण 1869 मध्ये नाशिक जिल्हा निघेपर्यंत हा भाग खान्देशातच होता. इथले सिनेमे मला बघायचे होते, म्हणजे ते करणारी माणसं. यंत्रमागावर राबणाऱ्या लोकांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, गावातल्याच कामगारांना घेऊन, 2000 साली 'मालेगाव के शोले' केला. दिग्दर्शक नासिर शेख. कॅमेरा सरकवायला सायकल, उंचावरून शॉट घ्यायला बैलगाडी. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट केला आणि मग जगाला मालेगाव कळलं. 2025 मध्ये रीमा कागती यांनी त्यांच्यावर हिंदी चित्रपटही आणला.

बसस्थानकाबाहेर 'पाया' म्हणजे पायांच्या रश्शावर, नल्लीच्या रश्शावर आणि खमंग पावावर पोट भरून आम्ही मागांच्या वस्तीत चालत गेलो. खडखडाट इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. एका मागवाल्या चाचांनी आम्हाला दारातच स्टूल दिलं. अशा एका सिनेमात ते गर्दीत होते. "हम दिनभर माग पे, रात को शूटिंग. घर में बोलते थे, पागल है," असं सांगून त्यांनी एका शॉटला बैलगाडीचं टोक सहा जणांनी कसं दाबून धरलं ते उभं राहून करून दाखवलं. कॅमेरावाला वर, बाकी सगळे श्वास रोखून. कुणाला शिंक आली तरी शॉट गेला.

निघताना त्यांनी बजावलं, पुढच्या वेळी शुक्रवारी या. त्या दिवशी माग बंद असतात, बोलायला निवांतपणा मिळतो. तुम्हीही मालेगाव शुक्रवारीच धरा, जुम्म्याची नमाज झाल्यावर जा, आणि नाशिककडच्या बसची वेळ स्थानकावर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा.